‘डॉकर-कंपोज’ काढून टाकण्याआधी डॉक्युमेंटेशन कसे बदलावे: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

एखादी जुनी कमांड काढायची असे ठरले, की बहुतेक टीममध्ये कोणीतरी संपूर्ण रिपॉझिटरीवर (कोड आणि दस्तऐवजांच्या साठ्यावर) ‘शोधा आणि बदला’ चालवतो, एक भली मोठी पुल रिक्वेस्ट (बदल तपासून सामील करून घेण्याची विनंती) मंजूर होते आणि डॉक्युमेंटेशनचे काम आटोपले असे समजून सर्व्हरवरून कमांड काढली जाते. मग एखाद्या रात्री ड्युटीवर असलेला इंजिनिअर रनबुकमधली (अडचणीच्या वेळी काय करावे हे सांगणाऱ्या पानावरची) ओळ टर्मिनलमध्ये जशीच्या तशी चिकटवतो आणि ती चालत नाही. या प्रकाराची कारणे जवळजवळ नेहमी दोनच असतात: कामाचा क्रम चुकलेला असतो, किंवा जुन्या नावाचा प्रत्येक उल्लेख एकाच मापाने मोजलेला असतो.

उदाहरण म्हणून डॉकर कंपोजची, म्हणजे अनेक कंटेनर (वेगळे ठेवून चालवलेले प्रोग्राम) एका फाइलीवरून एकत्र चालवणाऱ्या साधनाची, पहिली पिढी घेतली आहे. तिची शेवटची आवृत्ती १.२९.२ होती, जुलै २०२३ पासून तिला कोणतेही अपडेट मिळत नाही, आणि तरीही अनेक कंपन्यांच्या सर्व्हरवर ती आजही सुखाने नांदत आहे. लेखात जुनी कमांड ‘डॉकर-कंपोज’ अशी हायफनसह आणि नवी ‘डॉकर कंपोज’ अशी मोकळ्या जागेसह लिहिली आहे. वाचताना या एका खुणेकडे लक्ष ठेवावे, कारण निम्म्या चुका तिच्यापाशीच होतात.

## टप्पा १: नेमके काय निघणार आहे ते लिहून काढा

‘डॉकर-कंपोज’ हे नाव आणि पहिली पिढी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या नावाची फाइल पायथनमध्ये लिहिलेली जुनी कंपोज असू शकते, गो भाषेतल्या दुसऱ्या पिढीची स्वतंत्र बायनरी (थेट चालणारी फाइल) असू शकते, डॉकर डेस्कटॉपने बसवलेला दुवा असू शकतो, किंवा जुने नाव घेऊन आतून नवीच कमांड चालवणारे ‘कंपोज स्विच’ही असू शकते. म्हणून प्रत्येक यंत्रावर आधी ‘टाइप -ए डॉकर-कंपोज’ चालवून त्या नावाच्या सर्व प्रती कुठे आहेत ते पाहावे आणि नंतर प्रत्येक प्रतीची आवृत्ती विचारावी. पिपमधून (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनातून) कोणीतरी स्वतःच्या होम डिरेक्टरीत बसवलेली प्रत याच वेळी सापडते. ती दुसऱ्या युजरच्या लॉगिनवरून शोधल्यास दिसत नाही.

यातून निघालेला निर्णय एका वाक्यात लिहावा: कोणत्या यंत्रांवरून, कोणत्या पाथवरची, कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेला निघणार आणि त्याची जबाबदारी कोणाकडे. पुढच्या सर्व सूचनांमध्ये हेच वाक्य वापरायचे आहे.

इशारा: फक्त पहिली पिढी काढायची आहे की ‘डॉकर-कंपोज’ हे नावच बंद करायचे आहे, हे या टप्प्यावर ठरले नाही, तर अर्धे दस्तऐवज एका समजुतीने आणि अर्धे दुसऱ्या समजुतीने लिहिले जातात. माझे मत नावच बंद करावे असे आहे, कारण एकच नाव दोन यंत्रांवर दोन वेगळ्या गोष्टी करत असेल, तर कोणतेही डॉक्युमेंटेशन बरोबर राहू शकत नाही.

## टप्पा २: नवी कमांड आधी सगळीकडे पोहोचवा

दस्तऐवज आधी बदलले आणि नवी कमांड नंतर बसवली, तर मधल्या काळात डॉक्युमेंटेशन चुकीचे असते, आणि त्या काळात ज्याची एकदा फसगत झाली तो माणूस पुन्हा त्या पानावर भरवसा ठेवत नाही. म्हणून या कामात एका अक्षराचाही बदल करण्याआधी, जिथे जिथे वाचक कमांड चालवणार आहेत त्या प्रत्येक यंत्रावर ‘डॉकर कंपोज व्हर्जन’ चालते का ते पाहावे.

ही तपासणी ज्या युजरच्या नावाने कमांड चालणार आहे त्याच युजरने करायला हवी. दुसऱ्या पिढीची कंपोज ही डॉकरचे प्लगइन आहे आणि ते युजरच्या होम डिरेक्टरीतल्या ‘.डॉकर’ फोल्डरमध्येही बसवता येते. तसे बसवले असेल तर त्या युजरला कमांड व्यवस्थित मिळते, पण रनबुकमध्ये पुढे ‘सुडो’ (रूट म्हणजे मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने चालवा) लिहिले असेल तर ती रूटच्या होममध्ये प्लगइन शोधते आणि तिला काहीच सापडत नाही. सर्व्हरवर प्लगइन सर्व युजरांना दिसेल अशा सिस्टीमच्या फोल्डरमध्येच असावे.

प्लगइन नसताना येणारा संदेश दिशाभूल करणारा असतो. ‘डॉकर कंपोज अप -डी’ असे चालवल्यावर ‘कंपोज सापडले नाही’ असे सरळ उत्तर येण्याऐवजी बऱ्याचदा ‘अननोन शॉर्टहँड फ्लॅग: डी’ अशी तक्रार येते, आणि वाचक ‘-डी’ हा पर्यायच बदलला असावा असे धरून तासभर भलतीकडे शोधत बसतो. हा संदेश आणि त्याचा खरा अर्थ इन्स्टॉलेशनच्या पानावर शब्दशः द्यावा, म्हणजे तो संदेश शोधणारा माणूस थेट तिथे येईल.

तपासणी: साध्या युजरने, सुडोने, क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामातून) आणि सीआयच्या (प्रत्येक बदलानंतर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांच्या) जॉबमधून, अशा चारही वाटांनी ‘डॉकर कंपोज व्हर्जन’ यशस्वी झाल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करू नये.

## टप्पा ३: जुन्या नावाच्या उल्लेखांची यादी करा

या टप्प्यात काहीही बदलायचे नाही, फक्त मोजायचे आहे. रिपॉझिटरीत ‘गिट ग्रेप’ (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) चालवणे ही सुरुवात झाली, पण ती कमांड ट्रॅक केलेल्या आणि सध्याच्या ब्रांचवरच्या फाइलींपुरतीच पाहते. गिटहबवरचा विकी ही वेगळी रिपॉझिटरी असते, त्यामुळे तो वेगळा उतरवून शोधावा लागतो. नव्याने रुजू होणाऱ्यांना पाठवली जाणारी पीडीएफ, स्लाइड्स, टर्मिनलचे स्क्रीनशॉट, तिकिटांचे साचे, मॉनिटरिंगच्या अलर्टमध्ये लिहिलेला ‘हे करून पाहा’ हा मजकूर आणि टीमच्या चॅटमध्ये पिन केलेला तो एक जुना संदेश, यांतले काहीही ग्रेपला दिसत नाही. अनुभव असा, की अडचणीच्या वेळी लोक अधिकृत पानापेक्षा तो पिन केलेला संदेशच आधी उघडतात.

डॉक्युमेंटेशन म्हणून ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही, पण लोक ज्या वाचून शिकतात, अशा फाइलीही यादीत घ्याव्यात: मेकफाइल, सीआयच्या वायएएमएल फाइली, सिस्टमडीची युनिट (लिनक्सवर सेवा चालू ठेवणारी फाइल), डॉकरफाइलमधल्या कमेंट आणि कोडमधले एरर संदेश. सीआयच्या बाबतीत हे काम पुढे ढकलता येत नाही. गिटहब ॲक्शन्सच्या होस्टेड रनरांवरून (गिटहबने पुरवलेल्या सीआयच्या यंत्रांवरून) जुनी कंपोज २०२४ मध्येच निघाली आहे.

शोधताना जुन्या नावाच्या लगेच पुढे टिंब किंवा हायफन आलेल्या ओळी एका यादीत आणि बाकीच्या ओळी दुसऱ्या यादीत ठेवाव्यात. याचे कारण पुढच्या टप्प्यात स्पष्ट होईल. प्रत्येक नोंदीत फाइल, ओळ, ते पान कोण वाचते आणि त्या पानाचा मालक कोण, एवढे असले की पुरे. मालक नसलेली पाने निघतीलच. त्यांना मालक मिळेपर्यंत कमांड काढण्याची तारीख जाहीर करू नये.

## टप्पा ४: प्रत्येक उल्लेखाची जात ओळखा

सर्वात जास्त वेळ इथे द्यावा. ‘डॉकर-कंपोज’ हीच अक्षरे निदान पाच वेगवेगळ्या गोष्टींची नावे म्हणून येतात.

फाइलचे नाव. ‘डॉकर-कंपोज.वायएमएल’ ही फाइल नव्या कमांडलाही चालते. ‘कंपोज.वायएएमएल’ हे नाव आता पसंतीचे मानले जात असले, तरी जुने नाव वाचले जाते. सरसकट बदल केला की सूचनेत ‘डॉकर कंपोज.वायएमएल’ असे मोकळ्या जागेचे नाव उमटते आणि ‘-एफ’ पर्यायानंतर लिहिलेली ती ओळ मोडते. फाइलींची नावे बदलायचीच असतील तर ते काम पूर्णपणे वेगळे ठेवावे.

पॅकेजचे नाव. ‘डॉकर-कंपोज-प्लगइन’ हे नव्या प्लगइनच्या पॅकेजचेच नाव आहे. ते जसेच्या तसे ठेवावे.

चालवायची कमांड. हिच्यात खरोखर बदल करायचा आहे, पण तोही नुसता हायफन काढण्याने भागत नाही. शेलमध्ये हाताने टाइप करताना हायफनच्या जागी मोकळी जागा आली की काम होते. मात्र डॉकरफाइलमधली किंवा पायथनच्या सबप्रोसेसमधली कमांड यादीच्या रूपात लिहिलेली असेल, तर ‘डॉकर-कंपोज’ या एका घटकाचे ‘डॉकर’ आणि ‘कंपोज’ असे दोन वेगळे घटक करावे लागतात. ‘डॉकर कंपोज’ असा एकच घटक ठेवला तर त्या नावाची, मधल्या मोकळ्या जागेसकट, एक फाइल शोधली जाते आणि अर्थातच ती मिळत नाही. शेल स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलला नवे मूल्य देऊन ते दुहेरी अवतरणात वापरले तर हाच घोटाळा होतो. सिस्टमडीच्या युनिटमध्ये बायनरीचा पूर्ण पाथ असतो, तिथे पाथ डॉकरचा होतो आणि ‘कंपोज’ हा त्याचा पहिला आर्ग्युमेंट बनतो.

अस्तित्वाची तपासणी. सेटअपच्या अनेक पानांवर ‘व्हिच डॉकर-कंपोज’ चालवून पाहा असे लिहिलेले असते. नवी कंपोज प्लगइन असल्यामुळे ‘व्हिच’ तिला शोधू शकत नाही. तिथे ‘डॉकर कंपोज व्हर्जन’ चालवून ती यशस्वी होते का ते पाहावे, असे लिहावे.

जुन्या घटनेचा उल्लेख. चेंजलॉग, जुन्या रिलीजच्या नोट्स आणि घटना-अहवाल यांतली जुनी कमांड तशीच राहू द्यावी. त्या दिवशी जे चालवले गेले त्याची ती नोंद आहे. तसेच जुन्या रिलीजसाठी ठेवलेल्या डॉक्युमेंटेशनच्या आवृत्तीत, तो रिलीज जुन्या कमांडवरच चालत असेल, तर नवी कमांड घुसडू नये.

आता नाव तेच राहूनही वागणे बदललेल्या जागा पाहू. शब्द शोधून त्या सापडत नाहीत, पान वाचूनच सापडतात.

कंटेनरच्या नावात पूर्वी अंडरस्कोर असे, आता हायफन असतो: ‘शॉप_वेब_१’ चे ‘शॉप-वेब-१’ झाले. बिल्ड केलेल्या इमेजला कंपोज स्वतःहून देते त्या नावाचेही तसेच झाले. व्हॉल्यूम (कंटेनरचा डेटा ठेवण्याची जागा) आणि नेटवर्क यांच्या नावात मात्र अंडरस्कोर कायम आहे. उत्साहाच्या भरात सगळे अंडरस्कोर बदलले, तर बॅकअपच्या पानावरची ‘शॉप_डेटा’ ही ओळ ‘शॉप-डेटा’ होते, आणि अस्तित्वात नसलेले व्हॉल्यूम ‘डॉकर रन’ला जोडायला सांगितले की डॉकर तक्रार न करता नवे रिकामे व्हॉल्यूम तयार करून देतो. बॅकअप यशस्वी दिसतो आणि आत काहीही नसते. त्यामुळे व्हॉल्यूमच्या नावाला हात लावलेली प्रत्येक ओळ दुसऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय मंजूर होऊ देऊ नये.

कंटेनरच्या नावांसाठी ‘--कंपॅटिबिलिटी’ हा पर्याय देऊन जुना अंडरस्कोर टिकवता येतो, पण डॉक्युमेंटेशनमध्ये तो सुचवण्यापेक्षा नावावर अवलंबून असलेली ओळच बदलणे चांगले. ‘डॉकर लॉग्ज शॉप_वेब_१’ च्या जागी ‘डॉकर कंपोज लॉग्ज वेब’ लिहिले, की नावात काय आहे याने फरक पडत नाही. ‘एक्झेक’चेही तसेच.

‘पीएस’ या उपकमांडमधला बदल ड्युटीवरच्या माणसाला सर्वात जास्त फसवतो. जुनी कमांड थांबलेले कंटेनरही दाखवत असे. नवी फक्त चालू असलेले दाखवते. रनबुकमध्ये ‘यादीत एक्झिट दिसल्यास अमुक करा’ असे लिहिले असेल, तर नव्या कमांडने ती स्थिती कधी दिसणारच नाही आणि सगळे आलबेल आहे असे वाटेल. तिथे ‘पीएस -ए’ लिहावे.

‘.ईएनव्ही’ फाइलमधल्या मूल्यात डॉलरचे चिन्ह असेल, उदाहरणार्थ पासवर्डमध्ये, तर नवी कंपोज त्यापुढची अक्षरे व्हेरिएबलचे नाव समजू शकते. असे मूल्य एकेरी अवतरणात ठेवण्याची सूचना कॉन्फिगरेशनच्या पानावर हवी. ‘कंपोज_एचटीटीपी_टाइमआउट’ आणि ‘कंपोज_टीएलएस_व्हर्जन’ ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नवी कंपोज मानत नाही, म्हणून त्यांच्यावर आधारलेले उपाय काढून टाकावेत.

## टप्पा ५: मजकूर बदला, पण ठरलेल्या क्रमाने

आधी इन्स्टॉलेशनचे पान, मग सुरुवात कशी करावी हे सांगणारे पान, मग रनबुक आणि शेवटी संदर्भ-पाने, हा क्रम ठेवावा. रनबुक महत्त्वाचे असल्यामुळे ते पहिले घ्यावे असा मोह होतो. पण त्यातली नवी कमांड चालली नाही तर वाचक ज्या इन्स्टॉलेशनच्या पानाकडे वळतो, ते आधी बरोबर असले पाहिजे.

प्रत्येक पुल रिक्वेस्टमध्ये एकाच जातीचे बदल ठेवावेत. निव्वळ हायफनचे बदल एका रिक्वेस्टमध्ये, कंटेनरच्या नावांचे दुसऱ्या, ‘पीएस’सारख्या वागणुकीचे तिसऱ्या. तीनशे ओळींच्या एकसारख्या बदलांत व्हॉल्यूमची ती एक ओळ लपली, तर तपासणाऱ्याची नजर तिच्यावरून घसरून जाणार हे उघड आहे.

इशारा: नमुना फाइलींच्या वर असलेली ‘व्हर्जन’ ही ओळ नव्या कंपोजला नको असते आणि ती कालबाह्य असल्याची सूचना येते. तरीही ती लगेच काढू नये. १.२७ च्या आधीची कंपोज ती ओळ नसेल तर फाइल सर्वात जुन्या रचनेची आहे असे समजते. अशी आवृत्ती कुठेही शिल्लक नाही याची खात्री झाल्यावरच ही ओळ काढावी.

पानांचे पत्ते आणि मथळ्यांचे अँकर (थेट मथळ्यावर नेणाऱ्या खुणा) शक्यतो तसेच ठेवावेत. मथळ्यातले नाव बदलले की अँकर आपोआप बदलतो आणि अलर्टमधून त्या मथळ्यावर येणारा दुवा वाचकाला पानाच्या अगदी वर सोडतो. मजकूर इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असेल, तर दोन्ही एकाच रिक्वेस्टमध्ये बदलावेत; भाषांतर ‘नंतर करू’ म्हटले की ते राहतेच.

## टप्पा ६: सूचना लिहा

‘ही कमांड लवकरच बंद होणार आहे, कृपया नवी कमांड वापरावी’ या वाक्यातून वाचकाला काहीही करता येत नाही. सूचनेत टप्पा १ मधले वाक्य यावे आणि त्यासोबत आज काय चालवायचे ते यावे. उदाहरणार्थ: ‘बिल्ड सर्व्हरवरून कंपोज १.२९.२ (कमांडचे नाव डॉकर-कंपोज) १५ सप्टेंबर रोजी काढली जाईल. तिच्या जागी डॉकर कंपोज वापरा. थांबलेले कंटेनर पाहण्यासाठी पीएस -ए द्या. कंटेनरच्या नावातील बदल स्थलांतराच्या पानावर आहेत.’ महिना अक्षरी लिहावा. ५/९ आणि ९/५ यांत परदेशातील सहकाऱ्यांचा हमखास घोळ होतो.

ही सूचना जुनी कमांड अजूनही दिसते त्याच ओळीच्या वर असावी. ती फक्त मुखपृष्ठावर असेल, तर शोधातून थेट आतल्या पानावर उतरणाऱ्या माणसाला ती दिसतच नाही. याच वेळी एक छोटे स्थलांतराचे पान तयार करावे आणि त्यात जुने नाव मुद्दाम ठेवावे, कारण अडचणीत सापडलेला माणूस जुन्या नावानेच शोध घेणार आहे. चालू असलेल्या प्रोजेक्टवर नवी कमांड पहिल्यांदा ‘अप’ केली की कंटेनर नव्याने तयार होऊ शकतात, ही गोष्ट त्या पानाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत असू द्यावी; भर दुपारी प्रॉडक्शनवर कोणी ती करून पाहू नये.

## टप्पा ७: कोऱ्या यंत्रावर पाने चालवून पाहा

लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर केलेली तपासणी इथे निरुपयोगी आहे. डॉकर डेस्कटॉप असलेल्या यंत्रावर जुन्या नावाचा दुवा नव्या कंपोजकडे जात असू शकतो, आणि तसे असेल तर बदलायची राहून गेलेली ओळही मुकाट्याने चालते. जुने नाव मुळीच नसलेले कोरे व्हर्च्युअल मशीन घ्यावे, आणि या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला पान वरपासून खालपर्यंत चालवायला सांगावे. त्याने ओळी हाताने टाइप न करता पानावरून कॉपी कराव्यात. काही संपादक साध्या हायफनच्या जागी लांब रेघ घालतात आणि दोन हायफनांची एक करतात. हा दोष कॉपी केल्याशिवाय लक्षात येत नाही.

तपासणी: त्या सहकाऱ्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न पानावरची उणीव म्हणून नोंदवावा. तोंडी उत्तर देऊन पुढे जाऊ नये.

## टप्पा ८: आधी तालीम, मग काढणे

प्रत्यक्ष तारखेच्या आधी जुन्या बायनरीच्या जागी एक लहान स्क्रिप्ट ठेवावी. तिने कोणी, कुठून आणि कोणत्या आर्ग्युमेंटसह बोलावले याची सिस्टीमच्या लॉगमध्ये नोंद करावी, सूचना छापावी आणि मूळ जुनी बायनरी चालवावी. सूचना स्टँडर्ड एररवरच छापावी. ‘पीएस -क्यू’चे आउटपुट पकडून पुढे कंटेनरचा आयडी म्हणून वापरणाऱ्या स्क्रिप्टना, स्टँडर्ड आउटपुटवर छापलेले सूचनेचे वाक्यही आयडीच वाटेल.

त्या नोंदींत जी नावे येतात त्यांची टप्पा ३ च्या यादीशी तुलना करावी. यादीत नसलेले काही सापडले, उदाहरणार्थ दर महिन्याच्या एक तारखेलाच चालणारा क्रॉन, तर त्याचे पान आणि मालक शोधावा. म्हणूनच ही स्क्रिप्ट किमान एक महिनाअखेर ओलांडेपर्यंत ठेवावी. त्यानंतर कामाच्या दिवशी, सगळे हजर असताना, दोन-तीन तासांसाठी जुनी कमांड पूर्ण बंद ठेवून पाहावे; शुक्रवारी संध्याकाळी हा प्रयोग करू नये.

कमांड काढल्यानंतर ‘काढली जाईल’ अशी भविष्यकाळातील सर्व वाक्ये त्याच दिवशी ‘काढली आहे’ अशी करावीत किंवा पुसावीत. सीआयमध्ये एक तपासणी जोडावी, जी दस्तऐवजांत जुन्या कमांडचा नवा उल्लेख आल्यास रिक्वेस्ट अडवेल. फाइलचे नाव, प्लगइनचे पॅकेज, चेंजलॉग आणि स्थलांतराचे पान यांना तिच्यातून सूट द्यावी, नाहीतर आठवड्याभरात वैतागून कोणीतरी ती तपासणीच बंद करेल. सुडोअर्स फाइलमध्ये (सुडोने कोण काय चालवू शकतो हे ठरवणाऱ्या) जुन्या बायनरीच्या पाथला दिलेली परवानगीही त्याच दिवशी काढावी, आणि परवानग्यांची माहिती देणाऱ्या पानावरून ती ओळ हटवावी.